जातिवंत घोड्याची नोंदवही

आनुवंशिकतेचा धडा शिकवताना आपण बहुधा वाटाण्यापासून सुरुवात करतो. उंच झाड, बुटके झाड, तीनास एक हे प्रमाण. मुलांना गणित जमते, पण धडा संपल्यावर एखादा हात वर येतो: "सर, मग जातिवंत घोडा म्हणजे काय?" प्रश्न साधा वाटला तरी उत्तर देताना आपण अडखळतो. 'जातिवंत' हा शब्द आपण घोड्याला लावतो, गवयाला लावतो आणि कधीकधी माणसांच्या घराण्यांनाही लावतो. 'खाण तशी माती' म्हणताना आपल्या मनात आनुवंशिकतेचा कोणता तरी एक सिद्धांत असतोच. तो बरोबर आहे की नाही, हे मात्र आपण तपासलेले नसते.

हे तपासायला शर्यतीच्या घोड्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. 'थरोब्रेड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घोड्यांची पैदास सुमारे तीनशे वर्षे चालू आहे, आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक वर्षांची वंशावळ छापील ग्रंथांत नोंदलेली आहे. एवढ्या पिढ्यांची एवढी नोंद माणसांच्या राजघराण्यांचीही सहसा मिळत नाही. त्या नोंदवहीत काय लिहिले गेले, काय राहून गेले आणि आज डीएनएच्या साहाय्याने ती वाचताना काय दिसते, ते या लेखात पाहू या.

तीन घोडे आणि अनेक घोड्या

गोष्टीची सुरुवात सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये होते. पहिला घोडा 'बायर्ली टर्क'. रॉबर्ट बायर्ली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचा हा लढाईतला घोडा. १६९० साली आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठी झालेल्या लढाईत तो होता, असे सांगतात. दुसरा 'डार्ली अरबियन'. थॉमस डार्ली या इंग्रज व्यापाऱ्याने तो सीरियातील अलेप्पो शहरात मिळवला आणि १७०४ मध्ये यॉर्कशायरला आपल्या घरी पाठवून दिला. तिसरा 'गोडॉल्फिन अरबियन'. तो १७३०च्या सुमारास फ्रान्समार्गे इंग्लंडात आला आणि पुढे गोडॉल्फिन नावाच्या उमरावाच्या पागेत राहिला.

त्या काळात पूर्वेकडून इंग्लंडात आलेले घोडे हे तीनच नव्हते. तुर्की, अरबी आणि उत्तर आफ्रिकेतील बार्ब जातीचे पुष्कळ नर तेथे आणले गेले होते. पण आज जगातील कोणत्याही थरोब्रेडचा बाप, बापाचा बाप असे मागे मागे जात राहिले, तर नोंदवहीप्रमाणे आपण या तिघांपैकी एकापाशीच पोचतो. बाकीच्यांचे नरवंश मध्येच कुठेतरी संपले. या तिघांचेही वंश प्रत्येकी एकाच पुढच्या घोड्यातून टिकले. गोडॉल्फिन अरबियनचा नातू मॅचेम (१७४८), बायर्ली टर्कचा खापरपणतू हेरॉड (१७५८) आणि डार्ली अरबियनचा खापरपणतू एक्लिप्स (१७६४).

एक्लिप्सचा जन्म १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी झाला, म्हणून त्याचे नाव 'ग्रहण'. त्याची पैदास राजघराण्यातील ड्यूक ऑफ कंबरलंड यांच्या पागेतली. ड्यूकच्या मृत्यूनंतर पागेचा लिलाव झाला आणि हे शिंगरू विल्यम वाइल्डमन या मांसाच्या व्यापाऱ्याने विकत घेतले. पुढे ते डेनिस ओकेली या आयरिश जुगाऱ्याच्या हाती गेले. एक्लिप्स १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. त्याच्यापुढे पैज लावायला कोणी तयार होईना, म्हणून त्याला शर्यतीतून काढून पैदाशीला ठेवावे लागले. १७८९ मध्ये तो मेल्यावर शार्ल व्हियाल द सँबेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याचे विच्छेदन करून हाडांची मापे घेतली. याच सँबेलच्या नेतृत्वाखाली १७९१ मध्ये लंडनचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेथे एक्लिप्सचा म्हणून ओळखला जाणारा सांगाडा आजही जपून ठेवला आहे. तो पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आणि घोड्या? त्यांची कथा फारशी कोणी सांगत नाही. सत्तरहून अधिक घोड्यांपासून या जातीचे मातृवंश सुरू झाले, पण त्यांतील अनेकींना स्वतःचे नावही नाही. 'अमक्याची म्हातारी घोडी', 'तमक्याची बार्ब घोडी' अशा नोंदी सापडतात. या दुर्लक्षाचा परिणाम आपण पुढे पाहूच.

परीक्षा बदलली, घोडा बदलला

निवड होण्यासाठी कसोटी लागते. येथे कसोटी म्हणजे शर्यत, आणि शर्यतीमागे पैसा. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळात न्यूमार्केटला धावणारे घोडे पाच-सहा वर्षांचे, पूर्ण वाढलेले असत. एक फेरी चार मैलांची, आणि एकाच दिवशी अशा अनेक फेऱ्या. मध्ये थोडी विश्रांती, की पुन्हा धावायचे. अशा कसोटीला दमदार घोडाच उतरणार, हे उघड आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत बदलली. १७७६ मध्ये सेंट लेजर, १७७९ मध्ये ओक्स आणि १७८० मध्ये डर्बी या शर्यती सुरू झाल्या. त्या तीन वर्षांच्या घोड्यांसाठी होत्या आणि एकाच फेरीत संपत. पहिली डर्बी तर फक्त एक मैलाची होती. दीड मैलाचे अंतर पुढे १७८४ पासून आले. मालकाला घोडा सहा वर्षे पोसत बसण्याची गरज उरली नाही. पैसा लवकर सुटू लागला आणि प्रेक्षकांनाही निकाल चटकन मिळू लागला.

परीक्षेचा नमुना बदलला की विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा बदलतो, हे शिक्षकांना सांगायला नको. चार मैलांच्या परीक्षेत उत्तीर्ण होणारे घोडे आणि दीड मैलाच्या परीक्षेत पहिले येणारे घोडे एकच नसतात. पैदास करणाऱ्यांनी 'आम्ही आता दमाऐवजी वेग निवडतो' असे कधी ठरवले नाही. त्यांनी जिंकणाऱ्या घोड्यांना पैदाशीला ठेवले, इतकेच. उरलेले काम कसोटीने केले. डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडताना सुरुवात पाळीव प्राण्यांपासून केली, ती याच कारणाने. पैदास करणारा काय निवडतो हे डोळ्यांनी दिसते. निसर्ग काय निवडतो ते मात्र तर्काने ओळखावे लागते.

१७९१ची वही

शर्यतीत पैसा आला की लबाडीही येते. घोड्याचे वय खोटे सांगणे, एकाच्या नावावर दुसरा पळवणे, नामांकित बापाचे नाव लावून शिंगरू विकणे हे प्रकार सर्रास चालत. त्यावर उपाय म्हणून जेम्स वेदरबी यांनी १७९१ मध्ये सर्वसाधारण वंशनोंद ग्रंथाची प्रस्तावनापर आवृत्ती काढली. इंग्रजीत त्याला 'जनरल स्टड बुक' म्हणतात. जुन्या शर्यतींची पत्रके, पागांच्या खासगी वह्या आणि विक्रीची कागदपत्रे जुळवून त्यांनी घोड्यांच्या वंशावळी लावल्या. पुढे हा ग्रंथ ठरावीक काळाने निघत राहिला. ज्याचे आईबाप या वहीत, तोच थरोब्रेड अशी व्याख्या हळूहळू पक्की झाली. १८२२ मध्ये शॉर्टहॉर्न गाईबैलांसाठी अशीच वही निघाली. मग इतर जनावरांसाठीही निघत गेल्या.

तारखांकडे लक्ष द्यावे. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि जगाच्या लक्षात आला तो १९०० मध्ये. म्हणजे जनुक हा शब्दही नव्हता, तेव्हा शंभर वर्षांची वंशनोंद तयार होती. माहिती होती, पण ती समजून घेण्याचे साधन नव्हते. अशा वेळी माणूस काय करतो? तो समजुती तयार करतो.

अशी एक समजूत फार गाजली. लॉर्ड मॉर्टन यांच्याकडे अरबी रक्ताची एक घोडी होती. तिला त्यांनी क्वागा या, आता नामशेष झालेल्या, झेब्र्याच्या प्रकारातील नराकडून गाभण केले आणि तिला पट्ट्यांचे शिंगरू झाले. पुढे त्या घोडीला काळ्या अरबी घोड्यापासून शिंगरे झाली, तर त्यांच्याही अंगावर पट्टे दिसले! १८२० मध्ये मॉर्टन यांनी ही हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. पहिल्या नराची छाप मादीवर कायमची राहते, असा अर्थ त्यातून काढला गेला. डार्विननेही ही हकिकत गंभीरपणे घेतली. चांगल्या कुळातील घोडी एकदा हलक्या नराला दिली की ती कायमची बाटली, असे पैदास करणारे मानू लागले.

या समजुतीची परीक्षा व्हायला सत्तरहून अधिक वर्षे लागली. १८९०च्या दशकात स्कॉटलंडमधील जेम्स कॉसर युअर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने झेब्र्याचा नर आणि निरनिराळ्या घोड्या घेऊन प्रयोग केले. त्याच घोड्यांना नंतर घोड्यांपासून झालेली शिंगरे त्याने तपासली. पहिल्या नराचा काहीही परिणाम त्याला आढळला नाही. पायांवर किंवा खांद्यावर पुसट पट्टे कित्येक घोड्यांच्या शिंगरांना मुळातच असतात. मॉर्टन यांनी तुलनेसाठी दुसरी शिंगरे पाहिलीच नव्हती. नियंत्रित प्रयोग का करायचा, हे सांगायला वर्गात याहून चांगली गोष्ट मिळणार नाही.

दुसरी समजूत आकडेमोडीची होती. ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी सर्व घोड्यांचे मातृवंश शोधून त्यांना क्रमांक दिले. त्यांचे पुस्तक १८९५ मध्ये निघाले. ज्या वंशात डर्बी, ओक्स आणि सेंट लेजर यांचे विजेते सर्वांत जास्त, तो वंश क्रमांक एक. वरवर हे ठीक वाटते. पण एखाद्या वंशात हजारो घोडे असतील आणि दुसऱ्यात शंभर, तर पहिल्यात विजेते जास्त असणारच. दोनशे मुलांच्या शाळेत आणि वीस मुलांच्या शाळेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण किती, हे नुसते मोजून शाळेची गुणवत्ता ठरवण्यासारखे हे झाले. भागाकार करायचा राहिला होता. तरीही लो यांचे क्रमांक वंश ओळखण्याची खूण म्हणून आजही वापरले जातात.

दार बंद, दार उघडे

वही एकदा प्रतिष्ठेची झाली की ती केवळ नोंद राहत नाही, ती दार बनते. १९०८ नंतर न्यूयॉर्क राज्यात जुगारविरोधी कायदे कडक झाले आणि तेथील शर्यती काही काळ बंद पडल्या. अमेरिकन घोडे स्वस्तात इंग्लंडला येऊ लागले. इंग्रज पैदासकारांना बाजार बुडण्याची भीती वाटली. १९१३ मध्ये लॉर्ड जर्सी यांच्या पुढाकाराने नियम झाला: ज्या घोड्याची प्रत्येक शाखा आधीच्या वहीतील घोड्यांपर्यंत पोचत नाही, त्याला नोंद नाही. अमेरिकेतील जुनी कागदपत्रे तुटक होती. अनेक तर तेथील यादवी युद्धात नष्ट झाली होती. लेक्झिंग्टन (१८५०) हा त्या देशातील सर्वांत यशस्वी पैदाशीचा घोडा. त्याच्या वंशावळीत रिकाम्या जागा होत्या, म्हणून त्याचे रक्त असलेला प्रत्येक घोडा इंग्रजांच्या लेखी 'अर्धरक्ताचा' ठरला.

नियम होऊन जेमतेम वर्ष झाले आणि १९१४ची डर्बी जिंकली ती दरबार दुसरा या फ्रान्समध्ये जन्मलेल्या घोड्याने. त्याच्या आईच्या बाजूने लेक्झिंग्टनचे रक्त आले होते! डर्बीचा विजेता, पण वहीत जागा नाही. त्याची मुलगी दुर्बां, तिचा मुलगा तुरबियाँ, त्याचा मुलगा जबेल अशी ही 'अर्धरक्ताची' शाखा फ्रान्समध्ये वाढत राहिली आणि जिंकत राहिली. जबेलचा मुलगा माय बाबू. त्याने १९४८ मध्ये 'टू थाउजंड गिनीज' ही इंग्लंडची नामांकित शर्यत जिंकली. त्याच वर्षी ब्लॅक टार्क्विन या दुसऱ्या बहिष्कृत घोड्याने सेंट लेजर जिंकली. वहीबाहेरचे घोडे वहीतल्यांना हरवू लागल्यावर वहीलाच कमीपणा येऊ लागला. १९४९ मध्ये नियम मागे घेतला गेला.

येथे आपल्या ओळखीचे एक नाव येते. माय बाबूचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. त्यांनी १९४५ मध्ये २८,००० गिनी या त्या वेळच्या विक्रमी किमतीला एक शिंगरू घेतले होते आणि आजोबांची आठवण म्हणून त्याचे नाव ठेवले होते सयाजीराव. सयाजीराव वहीच्या नियमात बसणाऱ्या कुळाचा, १९४५च्या डर्बीविजेत्या दान्तेचा सख्खा भाऊ. १९४७ मध्ये त्याने सेंट लेजर जिंकली. एकाच मालकाच्या पागेत एक 'शुद्ध' आणि एक 'अर्धरक्ताचा', आणि दोघांनीही इंग्लंडच्या पाच मोठ्या शर्यतींपैकी एकेक जिंकली. नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांना याहून अवघड उदाहरण कोणते असणार?

आडनाव आणि वारसा

आता डीएनएकडे वळू. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, जवळजवळ न बदलता. आपल्या आडनावासारखे. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए आईकडून मुलांकडे आणि मुलींकडे येतो. बाकीची गुणसूत्रे मात्र प्रत्येक पिढीत निम्मी आईची, निम्मी बापाची अशी वाटली जातात.

२००१ मध्ये डब्लिन येथील संशोधकांनी वंशावळी आणि डीएनए यांची सांगड घातली. आजच्या थरोब्रेड नरांपैकी ९५ टक्क्यांचा पितृवंश एकट्या डार्ली अरबियनपर्यंत जातो, असे दिसले. म्हणजे 'आडनावा'च्या हिशोबात तो जवळजवळ एकमेव पूर्वज. पण सर्व गुणसूत्रांचा हिशोब केला, तर त्याचा वाटा केवळ साडेसहा टक्क्यांच्या आसपास भरला. सर्वांत मोठा वाटा, सुमारे १४ टक्के, होता गोडॉल्फिन अरबियनचा. ज्याचे 'आडनाव' आज फार थोड्यांना आहे, त्याचाच वारसा सर्वांत जास्त! हे कसे? लेकींच्या मार्गाने. एक्लिप्सचेच पाहा. बापाकडून तो डार्ली अरबियनचा खापरपणतू, पण त्याची आई स्पिलेटा ही गोडॉल्फिन अरबियनची नात. वही वाचणाऱ्यांचे डोळे वरच्या ओळीवर, बापाच्या ओळीवर असत. खालची ओळ तितक्याच निष्ठेने आपले काम करत होती.

आणि त्या निनावी घोड्या? त्या बहुतेक पूर्वेकडून आल्या असाव्यात, अशी समजूत होती. मातृवंशाचा डीएनए तपासल्यावर त्यांत ब्रिटन आणि आयर्लंडमधील स्थानिक घोड्यांचा मोठा भाग आढळला. 'शुद्ध रक्ता'चा मानबिंदू असलेली ही जात मुळात संकरातून जन्मली आहे.

वहीत चुकाही निघाल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाय गुणसूत्राच्या अभ्यासात सेंट सायमन (१८८१) या विख्यात घोड्याच्या नरवंशजांचे गुणसूत्र कागदावरील वंशाशी जुळले नाही. कधीतरी, कुठल्यातरी पागेत, भलत्याच बापाचे नाव लिहिले गेले होते. सेंट सायमन दहा शर्यती धावला आणि दहाही जिंकला. चुकीच्या नोंदीने त्याचा वेग कमी झाला नाही.

२०१० मध्ये डब्लिनच्याच एमेलिन हिल यांच्या गटाने मायोस्टॅटिन या जनुकातील एक फरक दाखवून दिला. हे जनुक स्नायूंच्या वाढीला आवर घालते. त्याचे 'सी' आणि 'टी' असे दोन प्रकार. दोन्ही प्रती 'सी' असतील तर घोडा कमी अंतराच्या शर्यतीत चमकतो, दोन्ही 'टी' असतील तर लांब पल्ल्यात, आणि एकेक असेल तर मधल्या अंतरात. मेंडेलच्या वाटाण्याचेच हे धावणारे रूप. २०१२ मध्ये याच विषयावरच्या संशोधनात १७६४ ते १९३० या काळात जन्मलेल्या बारा नामांकित घोड्यांचे संग्रहालयांतील अवशेष तपासले गेले. मघाचा सांगाडा येथे उपयोगी पडला. या जुन्या घोड्यांत दमाचा, म्हणजे 'टी' प्रकार दिसला. 'सी' प्रकार या जातीत एकदाच, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी शिरला आणि तो बहुधा एखाद्या स्थानिक ब्रिटिश घोडीकडून आला, असा निष्कर्ष निघाला. चार मैलांच्या काळात त्याला किंमत नव्हती. शर्यती आखूड होत गेल्या तशी त्याची मागणी वाढली. विसाव्या शतकात नीआर्क्टिक (१९५४) आणि त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर (१९६१) यांच्या वंशातून तो जगभर पसरला. ज्या वेगासाठी आज कोट्यवधी रुपये मोजले जातात, त्याचे मूळ वहीत नाव नसलेल्या घोडीत असावे!

तरीही एक जनुक म्हणजे घोडा नव्हे. शर्यतीतील कामगिरीत घोड्याघोड्यांत जो फरक पडतो, त्यातील साधारण एक तृतीयांश भाग आनुवंशिक असतो, असा अंदाज १९८८ मध्ये मांडला गेला. उरलेले श्रेय खुराक, सराव, जॉकी, मोतद्दार आणि दैव यांच्याकडे जाते.

बंद वहीची किंमत

आता वर्गात करता येईल असे एक गणित. घोड्याची एक पिढी सुमारे दहा वर्षांची धरली, तर तीनशे वर्षांत तीस पिढ्या होतात. प्रत्येक पिढीत पूर्वजांच्या जागा दुप्पट होतात. तीस पिढ्यांमागे जागा किती? दोनाचा तिसावा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४. एकशे सात कोटींहून जास्त. एवढे थरोब्रेड कधीच नव्हते. मग या जागा भरल्या कोणी? त्याच त्याच घोड्यांनी, पुन्हा पुन्हा येऊन. बंद वहीत दुसरे काही होऊच शकत नाही.

जवळच्या नात्यातील पैदाशीचे माप काढण्याची रीत सूअल राइट यांनी १९२२ मध्ये दिली. आईबाप सावत्र भाऊ-बहीण असतील, म्हणजे एकच नर दोन्हीकडून आजोबा असेल, तर शिंगराचा गुणक एकअष्टमांश. तोच नर दोन्हीकडून पणजोबा असेल, तर एकबत्तिसांश. गुणक जितका मोठा, तितकी एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता जास्त. त्यात चांगले गुण पक्के होतात, तसे दडलेले दोषही उघडे पडतात.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मान्यता नाही. नैसर्गिक समागमातून झालेल्या शिंगराचीच नोंद होते. त्यामुळे एका नराच्या संततीला मर्यादा पडेल असे वाटते. प्रत्यक्षात एकेक नामवंत घोडा एका हंगामात दीडशेहून अधिक घोड्यांना दिला जातो. उत्तर गोलार्धातील हंगाम संपला की काहींना विमानाने ऑस्ट्रेलियाला नेऊन दुसरा हंगाम करून घेतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा हजारांहून अधिक घोडे तपासले गेले. त्यांतील ९७ टक्क्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर होता आणि गेल्या सुमारे ४५ वर्षांत अंतःप्रजनन वाढत गेल्याचे दिसले. २०२२ मधील अभ्यासाने त्याची किंमत मोजली: अंतःप्रजनन दहा टक्क्यांनी वाढले, तर घोडा आयुष्यात एकदा तरी शर्यतीत उतरण्याची शक्यता सात टक्क्यांनी घटते. म्हणजे धावण्यासाठीच जन्माला घातलेला घोडा धावेल याची खात्री कमी होते. अमेरिकेत २०२० मध्ये एका नराला वर्षाला जास्तीत जास्त १४० घोड्या, असा नियम झाला होता. पैदासकारांच्या विरोधामुळे तो २०२२ मध्ये मागे घेतला गेला. आजच्या मालकाला उद्याच्या शर्यतीची चिंता असते. पन्नास वर्षांनंतरच्या शिंगरांसाठी बोलणारे कोणी नसते.

पुण्याच्या पागेतून

आपल्याकडे मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३चे, आणि पहिली इंडियन डर्बी १९४३ची. पुण्याच्या परिसरात थरोब्रेडची पैदास करणाऱ्या पागा आहेत. पूनावाला कुटुंबाची पागा १९४६ मध्ये सुरू झाली. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे ते परळच्या हाफकिन संस्थेला देत असत. तेथे घोड्याला विषाचा किंवा जंतुविषाचा अगदी अल्प, बेताबेताने वाढवत नेलेला डोस टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ठरावीक प्रमाणात रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा करतात आणि त्यापासून धनुर्वातावरची, सर्पदंशावरची लस बनते. घोडे आपल्याकडचेच आहेत, तर हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

यात एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. प्रतिपिंडे तयार करताना घोड्याचे कूळ कोणी विचारत नाही. त्यासाठी निरोगी तट्टूही चालते, खेचरही चालते. शेतात साप चावलेल्या माणसाला जे औषध टोचले जाते, त्याच्या बाटलीवर वंशावळ नसते.

मग त्या मुलाला उत्तर काय द्यावे? असे सांगता येईल: जातिवंत घोडा म्हणजे एका विशिष्ट परीक्षेसाठी अनेक पिढ्या निवडलेला घोडा. परीक्षा माणसाने ठरवली, वही माणसाने लिहिली. परीक्षा बदलली तर 'जातिवंत' कोण, हेही बदलते. त्याला नांगराला जुंपले तर तो नापास होईल. आणि त्याचे 'शुद्ध रक्त' हे मुळात अनेक देशांच्या घोड्यांचे मिश्रण आहे.

हे उत्तर देणे जरुरीचे आहे, कारण हा शब्द पागेत राहत नाही. डार्विनचा नातलग फ्रान्सिस गॉल्टन याने १८६९ मध्ये असाच युक्तिवाद केला: निवडीने घोडे आणि कुत्रे सुधारता येतात, मग माणसे का नाही? १८८३ मध्ये त्याने त्या विचाराला 'सुप्रजननशास्त्र' या अर्थाचे नाव दिले. पुढे त्याच्या आधारे अमेरिकेतील अनेक राज्यांत आणि १९३३ पासून जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले आणि लक्षावधी माणसांना त्यांची झळ बसली. माणसांची परीक्षा कोणती, ती कोणी ठरवायची आणि वही कोणाच्या हातात, हे प्रश्न गॉल्टनने विचारलेच नव्हते.

आपल्या वर्गातील मुलांची आडनावे हजेरीपटावर असतात. हजेरी घेताना ती वाचावी लागतात. पण डार्ली अरबियनचे ते दोन आकडे, ९५ आणि साडेसहा, हजेरीपट मिटताना एकदा आठवावेत. आडनाव बरेच काही सांगते असे वाटते; वारशातले ते फार थोडे सांगते, आणि मूल उद्या किती धावेल हे तर मुळीच सांगत नाही.